आमच्या कथेत कुणी हसत का नाही?

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या साली जन्मलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. एवढ्या काळात आपण पुष्कळ लिहिले. तलाक, दंगल, बेकारी, बुरखा, संशयाची नजर, वस्तीतली तुंबलेली गटारे. यातला एकही विषय खोटा नाही. पण या सगळ्या लेखनात माणसे हसतात कुठे? कथा उघडली की पहिल्या परिच्छेदात अम्मी खोकते, दुसऱ्यात अब्बांचे काम सुटते आणि शेवटी लांबून अजान ऐकू येते व नायिकेच्या डोळ्यांतून दोन थेंब ओघळतात. नावे बदलतात, थेंब तेच.

ही रड खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती अपुरी आहे, असे माझे म्हणणे आहे. ज्या घरांबद्दल आपण लिहितो त्या घरांत दिवसातून दहा वेळा हशा पिकतो आणि तो आपण कागदावर येऊ देत नाही. मग मराठी वाचकाला आपली जी ओळख होते ती निम्मीच होते. त्याला आपली दया येते, पण आपल्या घरी चहाला यावेसे वाटत नाही.

आमचे घरगुती विनोद म्हणजे पोरकट टवाळी, असे कुणाला वाटत असेल तर त्याने आखाती देशांत माणसे असलेल्या कुठल्याही घरात एक आठवडा राहावे. जागतिक अर्थकारण म्हणतात ते तिथे चुलीजवळ बसलेले असते. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला पावणेचार रियाल. त्यामुळे रुपया पडला की रियाल आपोआप चढतो. २०१३ च्या सुरुवातीला चौदा-साडेचौदा रुपयांना मिळणारा रियाल त्याच वर्षी ऑगस्टअखेर अठराच्या पुढे गेला. टीव्हीवर अर्थतज्ज्ञांचे चेहरे सुतकी झाले होते आणि रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांत घराच्या स्लॅबचे बोलणे सुरू झाले होते. आता ज्या आईचा एक मुलगा जेद्दात आणि दुसरा चिपळुणात दुकानदार, तिने नमाजनंतर हात उचलून नेमके काय मागावे? रुपया चढावा की पडावा? मुल्कासाठी दुआ करावी तर थोरला मारला जातो, थोरल्यासाठी करावी तर धाकट्याचा माल महागतो. शेवटी ती अल्लाहवर सोपवते आणि दोघांनाही फोन करून खर्च कमी करायला सांगते. अर्थशास्त्राच्या किती पुस्तकांत हा पेच इतका सरळ मांडलेला सापडेल?

किंवा माणशी कराचे घ्या. जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी नोकरदारांच्या कुटुंबीयांवर माणशी महिना १०० रियाल शुल्क लावले. दरवर्षी शंभरने वाढत ते २०२० साली ४०० वर गेले. बायको आणि तीन मुले असतील तर महिन्याला १६०० रियाल. हजारो घरांत नवऱ्याने बायकामुलांना गावी पाठवायचा हिशेब मांडला. यात दुःख आहेच, पण तेवढेच आहे का? 'तुझ्याशिवाय मला करमत नाही' असे म्हणणाऱ्या नवऱ्याला बायकोने 'किती रियालपर्यंत करमत नाही?' असे विचारले, तर त्या एका प्रश्नात तेलाचा भाव, सौदीची तिजोरी आणि आपला संसार असे तिन्ही आले. पुढे ती गावी परतते. सहा वर्षे एसीत राहिलेली सून आणि पंख्याचे बटण आपल्या ताब्यात ठेवणारी सासू एका छताखाली येतात. हा प्रसंग आपल्या कथाकाराच्या हाती लागला तर तो सुनेला तिसऱ्या पानावर तापाने फणफणायला लावील. खऱ्या घरात मात्र आठ दिवसांत त्या पंख्याच्या तीन गोष्टी तयार होतात आणि मोहल्लाभर फिरतात.

नात्यांचेही तसेच. १९८० च्या दशकात आखातातले नवरे पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत. ती कॅसेट सगळे घर गोळा होऊन ऐकायचे. आधी अब्बा-अम्मींना सलाम, मग मामू-खाला, मग जमिनीचा वाद, आणि बायकोसाठीचे दोन शब्द अगदी शेवटी, तेही सासू-सासऱ्यांच्या साक्षीने. नवरा 'तब्येतीला जप' एवढेच म्हणायचा आणि त्याचा अर्थ लावण्यात बायकोचा महिना जायचा. सौदीत इंटरनेट कॉलवरची बंदी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये उठली आणि मोबाईलवर समोरासमोर बोलण्याचा रस्ता मोकळा झाला. म्हणून भांडण सोपे झाले का? रियाध आपल्या अडीच तास मागे. रात्री अकराला हिचा राग ऐन भरात येतो तेव्हा तिथे साडेआठ वाजलेले असतात आणि तो खोलीवरच्या सहा जणांसोबत जेवायला बसलेला असतो. जेवून, भांडी घासून, एकटा होऊन तो रागवायच्या तयारीला लागतो तेव्हा ही झोपलेली असते. दोघांचा रुसवा एका वेळेला जुळावा यासाठी जुम्म्याची सुट्टी गाठावी लागते. मूड हा माणसाच्या मनावर असतो असे मानसशास्त्र सांगते. बी.एड.ला मीही तेच पाठ केले होते. आमच्याकडे तो घड्याळाच्या काट्यावरही असतो.

आता कुणी म्हणेल, ही आपली परंपरा नव्हे. मला तर हे ऐकूनच हसू येते. उर्दूसारखी विनोदाने श्रीमंत जबान शोधून सापडणार नाही. १८५७ च्या तडाख्यानंतर अवधचे मुसलमान पार कोलमडलेले असताना, अवघ्या वीस वर्षांत, १८७७ साली मुन्शी सज्जाद हुसेन यांनी लखनौमधून 'अवध पंच' काढले. त्यात लिहिणारे अकबर इलाहाबादी इंग्रजांच्या कचेरीत न्यायाधीश होते आणि साहेबी थाटाची जन्मभर खिल्ली उडवत राहिले. पतरस बुखारींचे नाव ज्या पुस्तकावर उभे आहे ते पातळसे, अकरा लेखांचे. त्यात गल्लीतली कुत्री आहेत, मोडकी सायकल आहे, सकाळी लवकर उठण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे रोजचे मूड. मुश्ताक अहमद युसूफी तर धंद्याने बँकर. १९७६ साली आलेले त्यांचे 'जरगुजश्त' बँकेच्या नोकरीवरच आहे. फार लांब जायला नको. युसूफ नाझिम आपल्या जालन्याचे. मुज्तबा हुसेन शेजारच्या गुलबर्ग्याचे आणि नाव काढले हैदराबादेत. त्यांना २००७ साली पद्मश्री मिळाली.

इकडे मराठीतही तेच आहे. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाने आणि पु. लं.च्या वल्लींनी मराठी मध्यमवर्गाला स्वतःची फजिती प्रेमाने बघायला शिकवले. म्हणजे आपल्या एका खांद्यावर उर्दूचा विनोद, दुसऱ्या खांद्यावर मराठीचा, आणि मधला चेहरा मात्र सुतकी. दोन श्रीमंत घरांचे वारस असून आपण उपाशी बसलो आहोत.

आक्षेप तीन आहेत. ते मी टाळत नाही.

पहिला आक्षेप दीनदार मंडळींचा. जास्त हसल्याने दिल मुर्दा होते, असे ते बजावतात. 'जास्त' हा शब्द मला मान्य आहे. पण शमाइले तिरमिजीतली रिवायत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एका वृद्धेने जन्नतसाठी दुआ करायला सांगितले तेव्हा हुजूर (सल्ल.) म्हणाले की जन्नतमध्ये कुणी म्हातारी जाणार नाही. ती रडत निघाली तेव्हा तिला कळवले गेले की तिथे जाताना ती म्हातारी राहणार नाही. ज्या दीनमध्ये असा हळुवार विनोद जपून पुढच्या पिढ्यांना दिला गेला, त्याच्या नावाने पोरींच्या हसण्यावर पहारा बसवायचा अधिकार कुणी कुणाला दिला? होय, पोरींच्याच. मुलगे चौकात रात्री बारापर्यंत खिदळतात, त्यावर कुणी आयत काढत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दिवस वाईट आहेत, घरे जळतात, पोरे तुरुंगात जातात, अशात हसायचे कसे? याचे उत्तर मालेगावने दिले आहे. यंत्रमागांचे हे गाव. आठवडाभर मागाचा खडखडाट आणि शुक्रवारी सुट्टी. २००० साली शेख नासिर यांनी तिथे 'मालेगाव के शोले' काढला. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, त्याच गावात बॉम्बस्फोट होऊन तीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर त्याच गावाने स्वतःचा सुपरमॅन उभा केला. मागावर काम करणारा काडीसारखा शफीक शेख अंगात घट्ट कपडे चढवून तंबाखूच्या विरोधात उडायला निघाला. हे सगळे फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात नोंदलेले आहे. पुढे शफीक कर्करोगाने गेला. मग हसण्याचा काय फायदा झाला, असे कुणी विचारील. फायदा हा की मालेगाव म्हटल्यावर ज्यांना फक्त स्फोट आठवायचा, त्यांना आता तो उडणारा माणूसही आठवतो. तो निवेदने देऊन आणि परिसंवाद भरवून आठवला नसता.

तिसरा आक्षेप आपल्याच लेखकांचा आहे. आपण आपली फजिती लिहिली तर बाहेरचे आपल्यावर हसतील. अहो, ते हसतातच! मराठी नाटक-सिनेमातला तो ठरावीक चाचा आठवा. जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा, तोडकेमोडके बंबइया हिंदी, आणि प्रत्येक वाक्याला 'या अल्ला'. तो कुणी लिहिला? आपण नाही. आपली जागा रिकामी होती म्हणून दुसऱ्याने तिथे आपले बाहुले आणून बसवले. त्याचा निषेध करणारे लेख आपण लिहिले, पण त्याच्या समोर उभा राहील असा एक खरा, मिस्कील, शुद्ध मराठीत टोमणे मारणारा चाचा लिहिला नाही. तोंड देशावर आणि मन मस्कतला, असा एखादा वल्ली प्रत्येक मोहल्ल्यात आहे.

हा प्रश्न मला केवळ साहित्याचा वाटत नाही, कारण मी तो रोज वर्गात बघते. मधल्या सुट्टीत आठवीच्या मुली अशा नकला करतात, असे नेमके टोमणे मारतात की मोठमोठे कलाकार हात टेकतील. त्यात बापाचा व्हिसा असतो, भावाची सोयरीक असते, वाढलेल्या सिलिंडरचा भाव असतो. तास सुरू होतो, निबंधाची वही उघडते आणि त्याच मुली 'कौमची जबूं हालत' या विषयावर एकसारखी चार पाने लिहून देतात. चारही पानांत त्या स्वतः कुठे नसतात. आपली स्वतःची भाषा लिहिण्यालायक नाही, हे त्यांना कुणीतरी शिकवले. त्या आपल्याच कथा-कविता वाचून शिकल्या, असा माझा आरोप आहे.

म्हणून लेखक मित्रांना एवढेच सांगणे आहे. दुःख सोडा असे मी म्हणत नाही, त्याला घरातल्या इतर माणसांशेजारी बसवा. दंगलीवर लिहा, पण दंगलीनंतर भाड्याच्या खोलीत चहाच्या कपावरून भांडणाऱ्या दोन जावाही लिहा. नोकरी गेलेला बाप लिहा, पण फावल्या वेळात तो स्वयंपाकघराचा मॅनेजर झाल्यावर घरावर आलेले संकटही लिहा. आणि संपादकांना विनंती, पुढच्या वार्षिकासाठी विनोदी लेख नाव घेऊन मागवा. बायकांकडून तर जरूर मागवा. त्यांच्याकडे साठा मोठा आहे आणि तो आजवर कुणी मागितलेला नाही.