आई जिवंत आहे, मग कवटी कोणाची?



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय आहे पोकेमॉन. हो, तोच, ज्याच्यावरून आपल्यात सारखा स्क्रीनटाइमचा वाद होतो. पण मी आज वेळेबद्दल बोलणार नाहीये. त्या गेममध्ये मुलांना ज्या चुका सापडतात, त्यांच्याबद्दल बोलायचंय.

आमचा नऊ वर्षांचा चिरंजीव गेल्या महिन्यात जेवता जेवता म्हणाला, "आई, ट्रागोसोची गोष्ट खोटी आहे." ट्रागोसो म्हणजे डोक्यावर कवटी घातलेला छोटा पोकेमॉन. इंग्रजीत त्याला क्यूबोन म्हणतात. गेमचं म्हणणं असं की ती कवटी त्याच्या मेलेल्या आईची, आणि तिच्या आठवणीने तो रडतो. पण याच गेममध्ये दोन पोकेमॉन पाळणाघरात ठेवले की अंडं मिळतं. त्या अंड्यातून ट्रागोसो कवटी घालूनच बाहेर येतो. आणि आई? ती पाळणाघरात ठणठणीत. "मग कवटी कोणाची?"

मी काय म्हणाले असेन? "अरे, गेमच आहे तो. वरणभात संपव."

रात्री तो कागद घेऊन आला. एका आईची कवटी एकच, म्हणजे तिला पिल्लू एकच. दोन मोठ्यांमागे एक पिल्लू, म्हणजे दर पिढीला ट्रागोसो निम्मे. दहा पिढ्यांत हजारातला एक उरणार. "तरी गेममध्ये इतके कसे?" हे सगळं तो जर्मनमध्ये सांगत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या घरातली मराठी म्हणजे "जेवलास का, दात घासलेस का, जॅकेट घाल". वाद घालायची मराठी मी त्याला दिलीच नव्हती.

मग आम्ही दोघांनी मराठीत चुकांची यादी करायला घेतली. त्यातून मला कळलं की सगळ्या चुका सारख्या नसतात.

पहिला प्रकार, आपल्या जगात न बसणारी चूक. मागकार्गो नावाची लाव्हाची गोगलगाय आहे. तिचं अंग म्हणे दहा हजार अंश सेल्सिअस! सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास आहे. तरी तिच्या शेजारी गवत हिरवंगार. वेलॉर्ड हा देवमासा साडेचौदा मीटर लांब आणि वजन ३९८ किलो. आपली चांगली मुऱ्हा म्हैस त्याहून जड भरते. चित्रातला त्याचा फुगीर आकार बघितला तर तो पाण्यात बुडी मारूच शकणार नाही, वर तरंगत राहील. पण ही चूक माफ. रावणाला दहा तोंडं कशी, असं आपण विचारत बसत नाही.

दुसरा प्रकार, स्वतःचाच नियम मोडणारी चूक. कवटीची चूक ही अशी. राइचूचा शॉक बसला तर भारतीय हत्तीसुद्धा बेशुद्ध पडेल असं पोकेडेक्स सांगतं, पण खेळताना हत्ती कुठेच दिसत नाही. आणि ही चूक होते कशी तेही बघा. १९९६ च्या पहिल्या गेममध्ये अंडी नव्हतीच, त्यामुळे कवटीची गोष्ट बरोबर होती. १९९९ मध्ये अंड्यांचा नियम आला. नियम नवा, गोष्ट जुनी, आणि दोन्ही जुळतात का ते कुणी तपासलं नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या जगातला शब्द उचलायचा आणि त्याचा अर्थ बदलायचा. पोकेमॉनचा आकार बदलतो त्याला इंग्रजीत 'इव्होल्यूशन' म्हणतात. पण एकाच जिवाच्या आयुष्यात सुरवंटाचा कोष आणि कोषाचं फुलपाखरू होतं ते रूपांतरण. पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू घडते ती उत्क्रांती. जर्मन गेममध्ये शब्द आहे 'एंटविकलुंग', म्हणजे विकास, वाढ. तो निदान कमी चुकीचा. कागदावर दोन रकाने करून आम्ही रूपांतरण आणि उत्क्रांती लिहिलं. हे दोन्ही शब्द त्याच्या तोंडी आता पक्के बसलेत.

हे सगळं येनामध्ये घडावं यात मजा आहे. इथलं फिलेटिशेस म्युझियम अर्न्स्ट हेकेलने उभं केलं, १९०८ साली. मुलांना घेऊन गेलात तर छतावरची जेलीफिशची चित्रं नक्की दाखवा. 'इकॉलॉजी' या शब्दाचा जर्मन मूळ शब्द याच माणसाने १८६६ मध्ये घडवला. ट्रागोसो किती उरणार हा प्रश्न त्याच शास्त्रातला.

पण हेकेलच्याही चुका होत्या, आणि त्या गेममधल्या नव्हत्या. १८६८ च्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ म्हणून त्याने एकच ठसा तीनदा छापला. टीका झाली, पुढच्या आवृत्तीत चित्र बदललं. त्याहून वाईट म्हणजे त्याने माणसांच्याही पायऱ्या लावल्या, वरचे वंश आणि खालचे वंश. ती चूक खूप लोकांना खूप महाग पडली. त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, याच गावात प्राणिशास्त्रज्ञांच्या परिषदेत 'येना जाहीरनामा' मांडला गेला. त्याचा आशय असा की माणसांत वंश नसतात. वंशाची कल्पना वंशवादातूनच जन्मली. ज्या गावात पायऱ्या लावल्या, त्याच गावात त्या मोडीत काढल्या.

मी हे त्याला माझ्या परीने सांगितलं. तो म्हणाला, "पोकेमॉनमध्ये तर एकाच जातीच्या दोघांचा स्वभावपण वेगळा असतो. पंचवीस स्वभाव आहेत." खरंच आहेत.

आणि आता मूळ मुद्दा. त्यानंतर आम्ही एका मराठी कुटुंबाकडे दिवाळीला गेलो होतो. नवीन आलेल्या एका ताईंना कुणीतरी विचारलं, "आडनाव काय तुमचं?" त्यांनी सांगितलं. "अच्छा, म्हणजे मूळचे कुठले?" मग अजून एक प्रश्न. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे की ते प्रश्न गावाबद्दल नसतात. घरी येताना ट्राममध्ये चिरंजीव म्हणाले, "आई, आडनावावरून त्यांना काय कळलं?"

यावर "अरे, वरणभात संपव" चालत नाही.

शाळेत कुणी रंगावरून काही बोललं तर आपण चिडतो, शिक्षकांना मेल लिहितो, आणि ते बरोबरच आहे. पण मग आपला नियम नक्की काय आहे? जन्मावरून माणूस ओळखायचा नाही, हा नियम फक्त जर्मन लोकांसाठी? नियम नवा, गोष्ट जुनी. ट्रागोसोची कवटी आपल्याही डोक्यावर आहे, आणि ती कोणाची हे आपण तपासलेलं नाही.

मी त्याला खरं ते सांगितलं. जात म्हणजे काय, ती कशी लावली जायची, काही लोक अजूनही आडनावावरून ती कशी शोधतात, आणि आपल्या घरातही हे कसं चालत आलं. येना वेस्टपासून घरापर्यंत सगळं मराठीत. सोपं नव्हतं. त्याने चार प्रश्न विचारले, त्यातल्या दोनांची उत्तरं मला आली नाहीत, तसं मी म्हटलंसुद्धा.

म्हणून माझं मत असं: मूल गेममधली चूक घेऊन आलं की दहा मिनिटं द्या. शब्द अडले तर दोघं मिळून शोधा. जे मूल एका जगाचे नियम तपासतं, ते एक दिवस आपल्या जगाचेही तपासणार, आणि तेव्हा ते आपल्याशी बोलत असलेलं बरं.

तुमच्या मुलांनी कुठल्या गेममधल्या चुका पकडल्यात? आणि तुमच्याच चुका पकडल्या, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? कमेंटमध्ये लिहा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं मला जास्त वाचायची आहेत.