सगळ्यांचंच दुखतं, म्हणून?

बैठकीला कुणी आली नाही, की पुढच्या वेळी आपण कारण विचारतो. पोराचा ताप, अचानक आलेले पाहुणे, ही कारणं मोकळेपणी सांगितली जातात. 'पोटात दुखत होतं' एवढंच कुणी म्हणाली की मात्र बाकीच्या समजून जातात आणि विषय तिथेच मिटतो. या वेळी तो मिटू द्यायचा नाही, असं ठरवलं.

पाळीत दुखणाऱ्या बायका निम्म्याहून अधिक असतात, असं बहुतेक पाहण्या सांगतात. हातातलं काम टाकून पडून राहावं लागतं अशाही थोड्याथोडक्या नाहीत. गर्भाशयाचं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांनी गर्भाशयाचे स्नायू आवळतात, त्यांना रक्त कमी पडतं आणि कळा येतात. मळमळ, जुलाबही त्यातलेच. म्हणजे हा नखरा नव्हे! लहान वयात पाळी आलेल्या, अंगावरून जास्त जाणाऱ्या, आई-बहिणीलाही त्रास असलेल्या मुलींत तो अधिक दिसतो. धूम्रपान आणि मनावरचा ताण यांचाही संबंध आढळला आहे. शेक घेतल्याने बरं वाटतं, हे आजीचं म्हणणं अभ्यासांतही खरं ठरलं आहे. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या ती द्रव्यं तयार होण्यालाच अटकाव करतात; मात्र पोटात अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

पण पूर्वी नसलेलं दुखणं मागाहून सुरू झालं, दर महिन्याला वाढत गेलं, संबंधाच्या वेळीही दुखू लागलं, तर ते वेगळं. गर्भाशयातल्या गाठी, ओटीपोटातली जंतुलागण किंवा एंडोमेट्रिओसिस त्यामागे असू शकतं. या शेवटच्या आजारात अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जगात पाळीच्या वयातल्या सुमारे दहांतल्या एकीला तो असतो, तरी निदानाला वर्षानुवर्षं लागतात. ती वर्षं 'लग्न झालं की थांबेल', मग 'मूल झालं की थांबेल' हे ऐकण्यात जातात.

आणि तपासणी न करताच टोकाचा इलाज झाला तर? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांबद्दल २०१९ साली नेमलेल्या शासकीय समितीला, पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहांतली एक. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड लावतो. फडावर ना न्हाणीघर, ना संडास, आणि डोक्यावर मोळी. पाळीत दुखलं तरी बसायची सोय नाही. पोटदुखी, अंगावरून जाणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींना कॅन्सरची भीती घालण्यात आली. पिशवी काढली की पाळीची कटकटच नको, हा हिशेब त्यांना पटला तो मजुरीमुळे. त्यांना दोष कसा देणार?

बिहार सरकारने १९९२ पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची रजा दिली आहे. चांगलंच आहे. पण रजा मिळते ती मस्टरवर नाव असलेलीला. खाडा हा शब्द फडावरचाच नाही. आपल्या स्वयंपाकघरातही तो रोज वापरला जातो. आपल्यापैकी ज्यांच्याकडे भांड्यांना बाई येते, त्यांनी महिनाअखेरीला तिच्या खाड्यांचे पैसे कापताना कारण कधी विचारलं आहे का?