रेडॉन : दोष मातीचा की व्यवस्थेचा?

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील लिमरिक येथील अणुवीज केंद्रात १९८४ च्या डिसेंबरात एक विलक्षण प्रकार उघडकीस आला. स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्याजवळ किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रे धोक्याचा इशारा देऊ लागली. केंद्रातून वीजनिर्मिती अद्याप सुरू व्हावयाची होती! तो कामावर येताना तपासला गेला, तेव्हाही यंत्रे वाजलीच. किरणोत्सर्ग तो घरून आणीत होता. त्याच्या घरातील हवेत लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन आढळला. ४ पिकोक्युरीला उपाय योजावेत, असे अमेरिकन सरकारचे म्हणणे आहे.

ही कथा पुनःपुन्हा सांगितली जाते, कारण तीत दोषी कोणीच नसतो. खडकात युरेनियम असते, त्याच्या ऱ्हासातून रेडियम व रेडियममधून रेडॉन निपजतो. रंग, वास, चव नसलेला हा वायू जमिनीच्या फटींतून घरात शिरतो आणि त्यापासून झालेले पोलोनियमचे कण फुप्फुसात किरणांचा मारा करतात. निसर्गाविरुद्ध फिर्याद कोठे करावयाची?

परंतु रेडॉनचा खरा इतिहास तळघरात नव्हे, खाणीत सुरू होतो. सॅक्सनीतील श्नीबर्गचे खाणकामगार छातीच्या ज्या रोगाने मरत, तो फुप्फुसातील घातक गाठींचा रोग असल्याचे १८७९ मध्येच दोन डॉक्टरांनी दाखवून दिले होते. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर, अण्वस्त्रांच्या हव्यासापायी अमेरिकेने नावाहो आदिवासींना पुरेशा वायुवीजनाविना युरेनियमच्या खाणीत उतरवले. १९५० पासून सरकारी आरोग्य खाते या कामगारांची तपासणी करीत होते; धोक्याची कल्पना मात्र त्यांना देण्यात आली नाही. भरपाईचा कायदा झाला तो १९९० मध्ये. तोवर अनेक कामगार मरण पावले होते.

कोलोरॅडोतील ग्रँड जंक्शन शहराचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील युरेनियम गिरणीतून उरलेली वाळू १९५० नंतरच्या काळात भरावासाठी नेऊ दिली गेली आणि ती हजारो घरांच्या पायाखाली गेली. त्या घरांतला रेडॉन निसर्गाने आणला नव्हता. १९७२ मध्ये कायदा करून ती वाळू काढण्याचे काम हाती घ्यावे लागले, आणि खर्च पडला सरकारी तिजोरीवर, म्हणजे करदात्या जनतेवर. नफा खाजगी, तोटा सार्वजनिक!

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घनमीटरमागे १०० बेक्वेरेल ही मर्यादा सुचवली. ती अशक्य असेल तेथेही ३०० च्या वर जाऊ नये, असे म्हटले. फुप्फुसाच्या कर्करोगाची ३ ते १४ टक्के प्रकरणे रेडॉनमुळे घडतात, असा तिचा अंदाज आहे. एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनमुळे होतात, असे तेथील पर्यावरण खाते सांगते. यांपैकी बहुसंख्य धूम्रपान करणारे असतात, म्हणून सिगारेट कंपन्यांनी यात स्वतःसाठी सबब शोधू नये. दोन्ही विषे एकमेकांना बळ देतात.

उपाय अवघड नाही. हवेची तपासणी स्वस्त आहे. जमिनीखालून नळी घालून पंख्याने वायू छपराबाहेर सोडला की प्रमाण झपाट्याने उतरते. तरीही अमेरिकेच्या संघराज्य सरकारने घरमालकाला केवळ सल्ला दिला आहे, सक्ती नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे तो नळी बसवील. भाडेकरूने काय करावे? दुसऱ्याच्या मालकीची जमीन तो कशी खोदणार? सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असा व्यक्तीच्या खिशावर ढकलला की त्याची सोडवणूक उत्पन्नानुसार होते.

आपल्या देशात सिंहभूमच्या जादुगुडा येथे १९६७ पासून युरेनियम खणले जात आहे. खाणीतील व आसपासच्या घरांतील रेडॉनची मोजणी नियमितपणे व्हावी, तिचे आकडे संताळी व हो भाषांत गावोगावच्या फलकांवर लावावेत आणि मोजणीच्या वेळी कामगार संघटनांचे प्रतिनिधी हजर असावेत, ही मागणी कोणत्याही सरकारला जड वाटण्याचे कारण नाही.