निळ्या थाळीची पुष्पिका

वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील जैन मंदिरांची ग्रंथभांडारे अभ्यासकांना सुपरिचित आहेत. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेले मुनी कनकामरांचे ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये कारंज्याहूनच प्रसिद्ध झाले. जुन्या पोथीच्या शेवटी बहुधा पुष्पिका असते. लेखन कोणी केले, कोणासाठी केले, कोणत्या संवतात केले, हे तीत नोंदलेले असते. व्यापारी घराण्याच्या फडताळात एखादी पांढऱ्यावर निळ्या नक्षीची चिनी थाळी निघते, तेव्हा अशा पुष्पिकेची उणीव जाणवते.

थाळीच्या तळाशी चार-सहा चिनी अक्षरे असली की घरची मंडळी त्यांनाच पुरावा मानतात. हा समज महागात पडतो. कांगशी सम्राटाच्या काळात (१६६२–१७२२) दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगहुआ सम्राटाची मुद्रा भांड्यांवर सर्रास घातली जाई. पुढे एकोणिसाव्या शतकात खुद्द कांगशीची मुद्राही तशीच वापरली गेली. हुंडीवर केवळ नाव पाहून कोणी रक्कम देत नाही. येथेही अक्षरांपलीकडे पाहावे लागते.

अशी भांडी मुख्यतः चीनमधील जिंगदेझेन येथे घडत. कच्च्या भांड्यावर कोबाल्टच्या रंगाने कुंचल्याने नक्षी काढीत, वर झिलई देत आणि सुमारे १३०० अंश उष्णतेत भाजीत. नक्षी झिलईखाली असल्याने ती हाताला लागत नाही. चौदाव्या शतकात हा कोबाल्टही इराणकडून येत असे. म्हणजे चीनची ही निळाई मुळात व्यापाराचीच देणगी होय.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमधील कारखान्यांनी विलो वृक्ष, पूल व दोन पक्षी यांची ‘चिनी’ नक्षी कागदावरून छापून थाळ्यांवर उतरविली. छापील रेघ यंत्रवत असते, आणि काठाशी कागदाचा सांधा दिसतो. कुंचल्याची रेघ कोठे जाड, कोठे बारीक असते. निळा रंग मध्येच गडद होतो. पातळ चिनी भांडे दिव्यासमोर धरले असता प्रकाश आरपार जाणवतो, इंग्रजी मातीच्या थाळीतून तो जात नाही. तुलनेसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतील चिनी भांडी पाहता येतात.

वाटणीच्या वेळी अशी थाळी भांड्यांच्या ढिगात जाते, किंवा दारी आलेला खरेदीदार परदेशी भावाचे आमिष दाखवून ती नेतो. ५ एप्रिल १९७६ पासून अमलात असलेल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, आणि पुरावस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो. खरेदीदाराकडे परवाना मागावा. परदेशी भावाची भाषा तेथेच थांबेल.

थाळीला तडा असल्यास घरगुती डिंक लावू नये. राखेने किंवा खरखरीत काथ्याने घासू नये. त्याहून महत्त्वाचे काम लेखणीचे आहे. ही थाळी कोणी, कोठून आणली, कोणत्या लग्नात वा पेढीच्या कोणत्या व्यवहारात घरी आली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, जुन्या वहीखात्यांत शोधून कागदावर उतरवावे आणि थाळीच्या छायाचित्रासह जपावे. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच लिहावे. सांगणारी पिढी घरात आहे, तोवरच ही पुष्पिका लिहिता येईल.