श्रावणबाळाच्या गाण्यातील अलंकार

लोकगीते साधीभोळी असतात, त्यांत काव्याचे अलंकार शोधू नयेत, असे पुष्कळांना वाटते. एकच शब्द पुनःपुन्हा येतो म्हणून ती कंटाळवाणी आहेत, असेही काही जण म्हणतात. हा समज बरोबर नाही. श्रावणबाळाचे गाणे लक्षपूर्वक ऐकले, म्हणजे याची खात्री पटते.

अमरावतीजवळ पेढी नदीच्या काठी वलगाव वसले आहे. पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी वऱ्हाडातील अशा गावांत भल्या पहाटे जात्याची घरघर सुरू होई आणि तिच्या लयीत मायबहिणी ओव्या गात. दारी आलेला वासुदेव श्रावणाची कथा गाऊन सांगे. आंधळ्या मातापित्यांना कावडीत बसवून श्रावण तीर्थयात्रेस निघाला. त्यांना तहान लागली, म्हणून तो पाणी आणावयास गेला. पाण्याचा आवाज ऐकून, वनातील पशू पाणी पीत आहे अशा समजुतीने दशरथाने बाण सोडला आणि बाळ आईबापांना कायमचे अंतरले.

वाल्मीकिरामायणात या मुलाचे नाव नाही आणि कावडही नाही. या दोन्ही गोष्टी लोकपरंपरेने दिल्या. भक्ती डोळ्यांना दिसत नाही. खांद्यावरची कावड दिसते. यालाच प्रतीक म्हणतात.

आता घड्याचा 'बुडबुड' आवाज पाहा. श्रावणाला त्यात आईबापांची भागणारी तहान ऐकू येते, राजाला शिकार ऐकू येते, आणि कथा ठाऊक असलेल्या श्रोत्याला अनर्थाची चाहूल लागते. ध्वनी एक, अर्थ तीन!

काव्यशास्त्रात निष्कारण पुनरुक्ती हा दोष मानला आहे. येथे मात्र तिला कारण आहे. बाण सुटण्यापूर्वी बाळाचे नाव घेतले जाते, ते कौतुकाने. बाण लागल्यावर तेच नाव विलाप होते. पावलांची चाहूल लागताच आईबाप विचारतात, बाळा, उशीर का केलास? पाणी घेऊन आलेला राजा गप्प उभा असतो. त्या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणूनच तो काळजाला भिडतो.

वलगावजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवणारे गाडगेबाबा हेही आपल्या वऱ्हाडी बोलीतच, श्रोत्यांना प्रश्न विचारीत कीर्तन करीत. बोलीला कमी लेखण्याचे कारण नाही.

साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या ग्रंथात स्त्रियांच्या ओव्या संग्रहित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. तरीही कित्येक गाणी केवळ आजीच्या ओठांवर उरली आहेत. ती उतरवून घेताना विद्यार्थ्यांनी पुन्हा आलेली ओळ गाळू नये व वऱ्हाडी शब्द 'शुद्ध' करू नये. आजी तीच ओळ दुसऱ्यांदा म्हणते, तेव्हा तिचा सूर बदललेला असतो. गाण्याचे मर्म त्या बदललेल्या सुरात असते.