शुक्रवारच्या रात्रीची उमेद

फुटबॉल म्हटले की आपल्या घरांतल्या मुलांना मेस्सी आणि रोनाल्डो आठवतात. अमेरिकेत मात्र याच नावाचा एक निराळा खेळ आहे. चेंडू लांबट, डोक्यावर हेल्मेट, अंगावर जाड पॅड आणि पायांपेक्षा हातांना काम जास्त. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर आणखी चार प्रयत्न, नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे. तिथे विद्यापीठांचे संघही हा खेळ खेळतात, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर बहुतेक शनिवार त्यांचेच असतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात तर एक लाखाहून जास्त माणसे बसतात.

पण वाचकहो, आम्हाला बोलायचे आहे ते शुक्रवारच्या रात्रीच्या चाहत्याबद्दल. सामना उद्या आहे. आपला संघ कमजोर, समोरचा तगडा. तरीही हा गडी छातीठोकपणे सांगतो, "उद्या आपणच!" का म्हणून विचारा, की कारणांची रांग लागते. त्यांचा अमुक खेळाडू लंगडतोय, आपला नवा मुलगा भन्नाट धावतो, पाऊस पडला तर त्यांची तारांबळ उडेल. खरे तर कारणे नंतर सापडतात. यकीन आधी ठरलेले असते.

याला खुळेपणा म्हणावे का? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची हकिकत ऐका. शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन गावातले हे विद्यापीठ अभ्यासात नावाजलेले, फुटबॉलमध्ये मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हते. 1976 ते 1981 या सहा हंगामांत 66 सामने झाले. जिंकले 3, बरोबरीत सुटला 1, बाकी सगळे हरले. 1979 पासून तर ओळीने 34 पराभव झाले. त्यातल्या 29व्या पराभवाने मोठ्या संघांमधला सर्वाधिक सलग पराभवांचा विक्रम त्यांच्या नावावर लागला. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी काय करावे? मैदानात उतरून गोलचे खांब उपटले आणि "आम्हीच सर्वांत वाईट!" असा गजर केला.

या पोरांना हिशोब येत नव्हता असे कोण म्हणेल? आकडे त्यांना तोंडपाठ होते. पण हसण्यासाठी का होईना, ती मैदानात आली होती. 25 सप्टेंबर 1982 रोजी नॉर्दर्न इलिनॉयला 31-6 असे हरवून ही साखळी तुटली. त्या दिवशी पोरांनी पुन्हा खांब उपटले, मिरवत नेले आणि मिशिगन सरोवरात बुडवले.

चांगले दिवस यायला मात्र आणखी तेरा वर्षे लागली. 1992 मध्ये गॅरी बार्नेट नावाचे प्रशिक्षक आले आणि संघाला कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाला, म्हणजे मानाच्या रोझ बोल सामन्याला नेईन असे सांगून बसले. पहिले तीन हंगाम हरण्यातच गेले. मग 1995 चा पहिला सामना आला, तोही नोत्र दामसारख्या बलाढ्य संघाशी, त्यांच्याच मैदानावर. नॉर्थवेस्टर्न 28 गुणांनी मार खाणार, असा जाणकारांचा होरा होता. निकाल लागला 17-15, आणि जिंकले नॉर्थवेस्टर्न! पुढचाच सामना मायामी ऑफ ओहायोकडून 30-28 असा हरले, पण नंतर त्या हंगामातला एकही साखळी सामना गमावला नाही. 1949 नंतर प्रथमच संघ रोझ बोलला पोहोचला. तिथे हरला, 41-32. पण त्या दिवशी पासाडेनाला पोहोचलेल्या जुन्या चाहत्यांना त्या हरण्याचे काय वाटले असेल, ते ज्यांनी 34 पराभव मोजले त्यांनाच ठाऊक.

आता स्पष्टच बोलू. उमेदीने एकही गुण मिळत नाही. गुण मिळवले ते खेळाडूंच्या घामाने, चांगल्या प्रशिक्षकाने, वर्षानुवर्षांच्या तयारीने. चाहत्याने फक्त एक केले: निकाल लागण्याआधीच तो आपल्या संघाच्या बाजूने बसला, आणि निकाल लागल्यावर उठून दुसरीकडे गेला नाही.

आम्ही शिक्षक मंडळी दर फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळीच शुक्रवारची रात्र बघतो. दहावीचा पहिला पेपर उद्यावर आलेला असतो. घरात अब्बा म्हणतात, "नव्वदच्या खाली आणू नकोस." अम्मी शेजारच्या मुलीचे मार्क सांगतात. त्यांचा जीव मुलातच अडकलेला असतो, यात शंका नाही. पण याला उमेद म्हणता येत नाही, ही अपेक्षा झाली. दिसायला दोघी बहिणी, स्वभाव मात्र निराळे. अपेक्षा मुलाच्या दप्तरात आणखी एक ओझे ठेवते. उमेद बाकावर त्याच्या शेजारी बसते. अपेक्षा निकालानंतर जाब विचारते, उमेद पुढच्या शनिवारची तारीख विचारते.

ज्या मुलाला चाचणीत पस्तीसही पडत नाहीत, त्याला खोटे सांगायची गरज नाही. त्याला आकडे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. "तू पहिला येशील" असे म्हटले तर तो मनातल्या मनात हसेल. पण "पेपर कसाही जावो, सुटल्यावर मी फाटकाशी उभा आहे" हे वाक्य त्याला खरे वाटेल, कारण ते पाळणे आपल्या हातात असते. अशा वाक्याच्या जोरावर मुले परीक्षेला पुन्हा बसतात, हे आम्ही वर्गात पाहिले आहे.

तेव्हा यंदा परीक्षेच्या आदल्या रात्री टक्क्यांची गोष्ट काढू नका. जेवण गरम वाढा, पेन दोन आहेत का ते बघा, आणि उद्या न्यायला कोण येणार ते मुलाला सांगून ठेवा.