वाक्य मोठ्यानें म्हणून पाहावें

वाक्यपृथक्करणाचा तास चालला असतां फळ्यावर रेघा ओढल्या जातात, उद्देश्य-विधेयाचीं कोष्टकें भरलीं जातात. परंतु तें वाक्य मोठ्यानें म्हणून पाहण्याचें क्वचितच कोणास सुचतें. आमच्या मतें ही रीत अर्धवट आहे.

"काल आलेला पाहुणा गेला" हें वाक्य घ्या. "काल" या शब्दापुढें थांबलें, तर पाहुणा काल गेला. "पाहुणा" येथपर्यंत एका दमांत जाऊन मग थांबलें, तर तो काल आला. गेला केव्हां, कोण जाणे! अक्षरें तींच, क्रमहि तोच. बदलली ती विसाव्याची जागा. "काल" कोणत्या शब्दाशीं जोडावयाचा, हें विद्यार्थी रेघ ओढण्यापूर्वींच आवाजानें सांगून मोकळा होतो. "पांढरे घोडे आणि बैल" यांतहि बैल पांढरे कीं नाहींत, हें वाचणाराच ठरवितो.

वैदिक संस्कृतांत तर हा संबंध नियमानेंच बांधलेला होता. मुख्य वाक्यांतील क्रियापद सामान्यतः उदात्त स्वरावांचून उच्चारलें जाई. तेंच वाक्यारंभीं किंवा "यद्"युक्त गौण वाक्यांत आलें, कीं त्याचा उदात्त कायम राही. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायांत हे नियम बारकाईनें नोंदिले आहेत. वाक्य मुख्य कीं गौण, याची खूण अशी कानावर पडत असे.

तथापि आवाज हा व्याकरणाचा केवळ हुकुमाचा ताबेदार नव्हे. "मला वाटतें कीं तो येणार नाहीं" यांतील "कीं" व्याकरणानें पुढल्या गौण वाक्याचें. बोलतांना मात्र आपण तें "वाटतें" यास चिकटवितों आणि मग थांबतों. एवढेंसें अव्यय, त्यास शेजाऱ्याचा आधार लागतो! म्हणून मुलें स्वल्पविराम "कीं"च्या पुढें देतात, आणि कित्येक शिक्षक त्यावर लाल शाई ओततात. आम्ही ओतीत नाहीं. स्वल्पविराम मराठींत १९ व्या शतकांत इंग्रजीवरून आला. कान त्याहून पुष्कळ जुना आहे. दोहोंचे हिशेब निरनिराळे, एवढें मुलास समजावून द्यावें म्हणजे झालें.

वरच्या इयत्तांत मोठ्यानें वाचणें पोरकट समजून सोडून दिलें जातें. मग गौण वाक्यें अचूक ओळखणारा विद्यार्थी तोच उतारा चारचौघांत इतका सपाट वाचतो, कीं कर्ता कोण हेंहि ऐकणारास उमगूं नये. यास्तव पालकांस आमची विनंती आहे, कीं रात्रीं जेवणापूर्वीं मुलाकडून दहा ओळी मोठ्यानें वाचून घ्याव्या, आणि तो भलत्याच जागीं थांबला, तर न रागावतां त्यास एवढेंच विचारावें, "बाळ, पाहुणा काल आला, कीं काल गेला?"